फोन आमचा, दुरुस्ती कुणाची?

मोबाईलच्या 'अपडेट'बद्दल तुमचं मत काय, असं शहापूर-मुरबाडच्या बायांना विचारलं तर उत्तर एका वाक्यात मिळतं : "ते केलं की फोन मरतो."

प्रशिक्षणाला येणाऱ्या साहेबलोकांना यात अडाणीपणा दिसतो. "अहो ताई, फुकट आहे, नुसतं बटण दाबायचं," असं ते समजावतात. बचत गटांच्या बैठकांसाठी मी किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या बाजूंना फिरते. बायांचं म्हणणं नीट ऐकलं की कळतं, हा अडाणीपणा नाही, हा हिशेब आहे. फोनमध्ये जागा बत्तीस जीबी. त्यातली निम्मी फोन स्वतःच खातो, उरलेल्यात नातवंडांचे फोटो आणि गटाच्या हजेरीचे फोटो. अपडेट येणार एक-दोन जीबीचं, म्हणजे दिवसाचा सगळा नेट पॅक त्यातच जाणार. ते चालू असताना बॅटरी भरलेली हवी, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. एवढं करून फोन पहिल्यापेक्षा मंद चालतो, बटणांच्या जागा बदलतात, आलेला कॉल कुठून उचलायचा तेच सापडत नाही. मग "चालतंय त्याला हात कशाला लावा" असं एखादी म्हणाली तर तिचं काय चुकलं? फुकट म्हणतात ते फुकट नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती मोजणाऱ्या हातात पैसा कमी असतो.

पण मैत्रिणींनो, इथेच थांबून चालणार नाही. कारण 'अपडेट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत आपल्याला महागात पडते.

आपल्याकडे मृगाआधी घर शाकारतात. कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, घर तेच राहतं. सुरक्षेचं अपडेट म्हणजे हे शाकारणं. फोनच्या आतल्या व्यवस्थेत कुठेतरी भोक सापडतं, त्यातून चोर शिरू शकतो, म्हणून ते बुजवायचं. अँड्रॉइड फोनसाठी गूगल ऑगस्ट २०१५पासून दर महिन्याला अशा भोकांची यादी आणि त्यांवरचे उपाय जाहीर करतं. हे अपडेट बहुधा आकारानं लहान असतं. दुसरं अपडेट म्हणजे आवृत्तीच बदलणं : जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं बांधणं. जागा खातं, चेहरामोहरा बदलतं ते बहुतेक हे दुसरं. आपण वैतागतो दुसऱ्यावर आणि नाकारतो दोन्ही.

आणि भोक जाहीर झालं की ते चोरालाही कळतं. ज्या फोनात ते बुजवलेलं नाही, तो फोन दार उघडं ठेवून निजल्यासारखा. पूर्वी चोरीला जाण्यासारखं फोनमध्ये होतं काय? आज आहे. आपल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६मध्ये, राज्यातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून गाजलं. भाजीवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत कार्ड घासायची यंत्रं आली, फोटो छापून आले. आता गाजावाजा न होता सगळीच गावं फोनवर आली आहेत. गॅसचा ओटीपी फोनवर, बँकेचा फोनवर, ऑगस्ट २०२४पासून 'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये जमा झाल्याचा निरोपही फोनवर. २०२५मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी निघाली, तेव्हा बाईबरोबर तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. पैसे बाईचे, पण किल्ली पुन्हा घरातल्या पुरुषाच्या फोनमध्ये!

मुळात फोन बाईचा असतो का, हाच प्रश्न आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या स्त्रिया शंभरात सत्तेचाळीसच होत्या. आणि असतो तो कोणता? मुलाने नवा घेतला की त्याचा उतरलेला आईला. तानसा, वैतरणा, भातसा आमच्या शहापुरात, पाणी मुंबईला आणि टँकरची वाट बघायची आमच्या पाड्यांनी. फोनचंही तेच झालं आहे. नवा शहरात विकला जातो, तिथे जुना झाला की आमच्याकडे उतरतो, आणि घरात पोचल्यावर सगळ्यात शेवटी बाईच्या हाती येतो. तोवर कंपनीने त्या फोनची दुरुस्ती थांबवलेली असते. स्वस्त फोनांना सुरक्षेची अपडेट्स बहुतेक दोन-तीन वर्षंच मिळतात. म्हणजे "अपडेट करा" हा उपदेश ज्या बाईला करायचा, तिच्या फोनला अपडेट येतच नाही!

उतरलेल्या फोनात आणखी एक धोका असतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुष्कळदा त्यात आधीच्या मालकाचं खातं तसंच राहतं. मग बाईने काढलेला फोटो, तिने शोधलेला पत्ता, ती कुठे गेली हे सगळं त्या खात्याच्या मालकाला बसल्या जागी दिसू शकतं. मारहाणीला कंटाळून सल्ला केंद्राचा रस्ता विचारणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही साधी बाब नाही. फोन हाती आला की तो आधी पूर्ण कोरा करून घ्यायचा आणि खातं आपल्या नावाचं, संकेतशब्द आपला ठेवायचा. तो मागणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास नव्हे. पत्र्याच्या पेटीला कुलूप लावायचा हक्क आपल्या आजीनेही बजावला होता.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे आपल्या अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिलं. २०१९मध्ये राज्य सरकारने त्यांना लाखभर स्मार्टफोन दिले. रॅम दोन जीबी. १ मार्च २०२१ला केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आलं, तेही इंग्रजीत. फोनमध्ये ते मावेना, फोन तापायचे, मध्येच बंद पडायचे. वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात. कुणी नवऱ्याच्या फोनवर, कुणी मुलाच्या अभ्यासाच्या फोनवर काम केलं. शेवटी ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन सरकारला परत केले. पुढे फेब्रुवारी २०२३च्या संपातही नवे मोबाईल ही एक मागणी होतीच.

मला हे आंदोलन फार महत्त्वाचं वाटतं. "आम्हाला जमत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत. "तुम्ही दिलेलं अवजार निकामी आहे, ते घ्या परत," असं म्हणाल्या. तंत्रज्ञानाबद्दल याहून स्पष्ट मत कुठल्या तज्ज्ञाने दिलं आहे? १ जुलै २०२५पासून घरपोच आहारासाठी लाभार्थींचा चेहरा फोनवर पडताळायचा नियम आला. म्हणजे फोन रखडला की नुसती सेविकेची नोंद अडत नाही, पाड्यावरच्या गरोदर बाईच्या आहाराचं पाकीट अडतं. आणि त्याच फोनात गावातल्या बाया-मुलांची वजनं, आधार क्रमांक आणि चेहरे आहेत. त्या फोनची भोकं बुजवणं ही सेविकेची खाजगी बाब कशी?

आता बनावट अपडेटबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान', 'बँक केवायसी', 'आरटीओ चलान' अशा नावांनी फाईल येते आणि ती दाबली की चोर फोनमध्ये. लक्षात ठेवायचं एवढंच : खरं अपडेट व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपातून कधीच येत नाही. ते फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच मिळतं. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' किंवा 'सुरक्षा' इथे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती वर्षा-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन काही येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार ठेवू नका. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३०वर फोन करा.

पण सगळा भार बाईच्या सावधपणावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. घर शाकारायचं तर कौलं मिळाली पाहिजेत. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, तशी फोनच्या खोक्यावर 'सुरक्षेची दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत' अशी ओळ का नको? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून कंपन्यांना ही मुदत सांगावी लागते. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियम आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट्स मोफत मिळाली पाहिजेत. तिथल्या गिऱ्हाइकाला जे मिळतं, ते मुरबाडच्या बाजारात फोन घेणारीला का नाही?

म्हणून आपल्या मागण्या अशा हव्यात : खोक्यावर दुरुस्तीची मुदत, मराठीत. सुरक्षेचं आणि आवृत्तीचं अपडेट वेगवेगळं, म्हणजे बाईला एक घेऊन दुसरं नाकारता येईल. ज्या कामाला सरकार फोन सक्तीचा करतं, त्या कामाचा फोन, नेट आणि दुरुस्ती सरकारकडे. आणि ज्या बाईकडे फोन नाही किंवा चालत नाही, तिचा हक्काचा आहार आणि पैसा कागदावरच्या नोंदीने मिळालाच पाहिजे.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की प्रत्येकीने आपल्या फोनमधली ती तारीख बघून वहीत नोंदवावी. अशा दहा-वीस गटांच्या वह्या घेऊन आपण तहसील कचेरीत गेलो, तर "बायांना मोबाईल कळत नाही" असं म्हणणं कुणालाही सोपं जाणार नाही.