दुखण्याचं बारसं घरी करू नका

आबा, म्हणजे माझे धाकटे चुलते, पहाटे चारला उसाला पाणी पाजायला गेले होते. परत आले ते छातीवर तळहात दाबूनच. थंडीचे दिवस, तरी बनियन घामानं पाठीला चिकटलेलं.

"काय न्हाई रं, उसण भरलीया," ते मला म्हणाले. "त्या पायाळूला तेवढी हाक मार."

काकूनं तव्यावर मीठ भाजलं, पुरचुंडी बांधली आणि शेकायला घेतलं. पायाळू आला, त्यानं पाठीला पाय लावला. मग कुणीतरी म्हणालं, पित्त असेल. सोडा-लिंबू झालं. सोड्याची बाटली मीच आणली होती, हे मी विसरलेलो नाही. ईसीजी निघाला तेव्हा दहा वाजले होते. हार्ट अ‍ॅटॅक येऊन सहा तास होत आले होते.

आबा वाचले. पण आज वेदगंगेकाठच्या मळ्यापर्यंत जाताना त्यांना वाटेत दोनदा बसावं लागतं.

आमच्या मुरगूड भागात छातीत दुखलं की त्याचं लगेच बारसं होतं. उसण, पित्त, गॅस, वायू. नाव ठेवलं की जीवाला बरं वाटतं, आणि वेळ निघून जातो. हे फक्त खेड्यात होतं असंही नाही. 14 डिसेंबर 2023 ला अभिनेते श्रेयस तळपदे यांना मुंबईत शूटिंग संपवताना दम लागला, डावा हात दुखू लागला. मारामारीची दृश्यं झाली होती, म्हणून स्नायू आखडला असेल असं त्यांना वाटलं. ते आधी घरी गेले. पत्नीनं तातडीनं रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले.

आत काय घडतं ते शेतकऱ्याला समजायला सोपं आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते. पाटात ढेकूळ अडकलं की पुढच्या सऱ्या कोरड्या पडतात, तसंच. फरक एवढाच, की तोडलेल्या उसाला खोडवा येतो, मेलेल्या स्नायूला येत नाही. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या तासा-दोन तासांत झाली तर सगळ्यात जास्त वाचतं. बारा तासांनंतर त्या इंजेक्शनचा फारसा उपयोग उरत नाही.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, धाप, मळमळ. यातलं काही आलं आणि पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर थांबायचं नाही. कळ बेंबीच्या वर, पोटात आली की ती हमखास पित्तावर जाते. बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती दुखेलच असं नाही. नुसती धाप, घाम आणि कधी नव्हे असा थकवा, एवढंच लक्षण असू शकतं. निपाणीच्या तंबाखूचा हा पट्टा. विडी ओढणाऱ्यानं, तंबाखू मळणाऱ्यानं, मिश्री लावणाऱ्या बाईनं तर जास्तच सावध असावं.

अशा वेळी माणसाला मोटरसायकलवर बसवू नका, जिना चढवू नका. बसवा, कपडे सैल करा, 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात मोफत धावते. अ‍ॅस्पिरिन चावायला द्यायची का, हे फोनवर विचारूनच ठरवा. आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे. निदान इथं झालं तर तो तास आंधळा जात नाही. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो, असं नसतं. सुरुवातीला तो साफ दिसू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात. म्हणून दुखत असेल तर डॉक्टर थांबवून घेतात, ईसीजी आणि रक्त पुन्हा तपासतात. थांबा म्हटलं तर थांबावं. चढ चढताना छाती भरून येत असेल आणि टेकल्यावर मोकळी होत असेल, तर तीही आगाऊ सूचनाच आहे. ती आठवड्यावर ढकलू नये. आणि बसल्या जागी दुखू लागलं, तर मात्र त्याच क्षणी निघावं.

मागच्या पावसाळ्यात काकूचा जबडा दुखू लागला, घाम फुटला. या वेळी आम्ही नाव ठेवलं नाही. दहा मिनिटांत निघालो. ईसीजी झाला, रक्त दोनदा तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. काही निघालं नाही. सकाळी घरी आल्यावर काकू चुटपुटत म्हणाली, "उगाच खेप झाली बघा तुम्हाला."

सोप्यात बसलेले आबा म्हणाले, "अशी मोकळी खेप मला घडली असती, तर आज मळ्यापतोर न बसता गेलो असतो."