लग्नाची गाठ आणि सरकारी शिक्का

आपल्याकडे लग्न ठरले की मंगल कार्यालय, आचारी, बस्ता, आहेर यांच्या याद्या महिनोन्‌महिने चालतात. त्या याद्यांत एक गोष्ट मात्र बहुधा नसते, ती म्हणजे विवाहाची नोंदणी. ‘करू सावकाश’ म्हणत वर्षे जातात. मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थायिक झाली, परदेशी जावई किंवा सून घरात आली, की मग या कागदाची खरी किंमत कळते.

परदेशी जोडीदाराला भारतात वरचेवर व्हिसा न काढता राहता यावे, यासाठी ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्डाची सोय आहे. २००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही योजना आली. पूर्वीची पीआयओ कार्डाची योजना २०१५ साली तिच्यातच विलीन झाली. नावात ‘सिटिझन’ असले तरी हे पूर्ण नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आयुष्यभर ये-जा करण्याची आणि इथे राहण्याची मुभा मात्र मिळते, आणि कुटुंबाला तेवढीच हवी असते.

भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला विवाहाच्या आधारे हे कार्ड मिळू शकते. त्यासाठी नागरिकत्व कायद्याची अट नीट वाचावी. विवाह नोंदलेला असला पाहिजे आणि अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षे टिकलेला असला पाहिजे. नुसते लग्न लागून दोन वर्षे झाली, एवढ्याने भागत नाही. नोंदणी लांबवली, तर दोन वर्षांच्या हिशेबावरच प्रश्न उभा राहू शकतो. याशिवाय सुरक्षाविषयक चौकशी होते. लग्नपत्रिका, अल्बम, भटजींनी किंवा देवस्थानाने दिलेली पावती हे सारे पूरक पुरावे झाले. नोंदणीच्या दाखल्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

दाखला परदेशातला असेल, तर पुढचा प्रश्न येतो: तो खरा कशावरून? कोल्हापूरच्या अधिकाऱ्याने टेक्सासमधल्या कारकुनाची सही कशी ओळखायची? यावर १९६१ साली हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तोड काढली. ज्या देशात कागद तयार झाला, त्याच देशाच्या ठरलेल्या अधिकाऱ्याने त्यावर दहा मुद्द्यांचे एक चौकोनी प्रमाणपत्र जोडायचे. त्यालाच ‘अपोस्टिल’ म्हणतात. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देते. आतल्या मजकुराची हमी ते देत नाही. नावात चूक असेल, तर अपोस्टिलनंतरही ती चूकच राहते.

हा गोंधळ कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. कोल्हापूरच्या एका मुलीने अमेरिकेत टेक्सास राज्यात तिथल्याच मुलाशी लग्न केले. तीन वर्षांनी वडिलांना अर्धांगवायू झाला, म्हणून दोघे इकडे आले. जावई व्हिसावर. मुदत संपत आली की घरात काळजी सुरू. ओसीआयचा अर्ज करायचे ठरले, तेव्हा मुलीने कपाटातून दाखला काढला आणि ती पाहतच राहिली.

“आई, याला हे प्लॅस्टिक कुणी लावलं?”

“मीच लॅमिनेट करून आणला गं. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. जावईबापूंचा कागद, खराब व्हायला नको.”

आईचा हेतू चांगलाच होता. पण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही. शिवाय तो कागद लग्न लावणाऱ्याने आठवण म्हणून दिलेला, वेलबुट्टीचा होता. सरकारी दाखला नव्हताच तो! खरी नोंद तिथल्या काउंटी क्लार्कच्या दप्तरात होती. तिथून प्रमाणित प्रत मागवायची, ती टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात पाठवायची आणि अपोस्टिल होऊन आली की अर्जाला जोडायची, असा हा द्राविडी प्राणायाम. टपालाने तो होतो. पण आठवडे जातात, आणि व्हिसाची तारीख काही थांबत नाही. अमेरिकेत हे काम राज्याराज्यांतून चालते. ब्रिटनमध्ये ते परराष्ट्र खात्याचे लीगलायझेशन ऑफिस करते.

सगळे देश या करारात नाहीत. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याआधी तिथल्या कागदांना वेगळी वाट होती. करारात नसलेल्या देशातला दाखला असेल, तर आधी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग तिथल्या भारतीय दूतावासाचा, अशी उतरंड चढावी लागते. दाखला इंग्रजीत नसेल, तर प्रमाणित भाषांतरही लागते.

आता उलटी बाजू. लग्न महाराष्ट्रात झाले आणि दाखला परदेशी सरकारपुढे ठेवायचा, समजा मुलीच्या तिकडच्या नागरिकत्वासाठी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंदणी होते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात. परदेशी जोडीदाराशी इथे लग्न करताना बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग घेतात. त्यात तीस दिवसांची नोटीस असते, म्हणून विमानाची तिकिटे आधी काढू नयेत. दाखला हाती आला की आधी राज्य सरकारचे साक्षांकन आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम असतो. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत घेते. ‘दोन दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला मूळ दाखला देण्यापूर्वी, तो नेमलेला आहे का, हे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावे.

सर्वांत जास्त अडते ते नावावर. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला ताटातल्या तांदळांत अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. हौस म्हणून ठीक. पण दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असे झाले, की ती तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसावे लागते. नोंदणीचा अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवावा आणि अक्षरन् अक्षर जुळवावे. नाव बदलायचेच असेल, तर राजपत्रात जाहीर करून ते सर्वत्र बदलून घ्यावे.

नोंदणी झाली की त्याच वेळी दोन-तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात, पण लॅमिनेट करू नयेत. अर्जापूर्वी संबंधित दूतावासाची किंवा परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाची ताजी यादी पाहावी, कारण कागदांच्या मागण्या बदलत असतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावी. विवाहाच्या आधारे मिळालेले हे कार्ड विवाहाला बांधलेले असते. न्यायालयाने तो विवाह संपुष्टात आणला, तर कार्डही रद्द होऊ शकते. म्हणून परक्या मुलखातून आलेल्या सुनेला किंवा जावयाला हा कायदा आधीच समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे. सप्तपदी माणसे जोडते. सरकारदरबारी मात्र ती जोडलेली आहेत, हे सांगायला कागदच लागतो. अक्षता पडल्यावर महिन्याच्या आत एक सकाळ त्या कागदासाठी राखून ठेवावी.