हरलेल्यालाही एक गुण



मागच्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना एका ताईंनी मला हळूच विचारलं, "तुम्ही म्हणे कॉलेजच्या पोरांच्या बास्केटबॉलचा तक्ता वहीत लिहून ठेवता?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "ही विकथाच की हो, वहिनी." शास्त्राला धरून बोलल्या, त्यामुळे मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येताना आठवलं की चार विकथांमध्ये भोजनकथाही आहे, आणि त्याआधीची पंधरा मिनिटं आम्ही दोघी डिंकाच्या लाडवाचा पाक का बिघडतो यावरच बोलत होतो. पण ते उलट उत्तर झालं असतं. खरं उत्तर इथे लिहिते, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

आमचा मुलगा रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या संघात आहे. फार मोठा खेळाडू नाही, बहुतेक वेळ बाकावरच असतो. आपल्याकडे कॉलेजचे सामने म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आणि मी पाहिलेल्या सगळ्या बादफेरीच्या. एक सामना हरला की घरी. दोन वर्षांपूर्वी ही पोरं रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली. सकाळी स्टेशनवरच तोंड धुतलं, मी दिलेले ठेपले खाल्ले, अकराला मैदानावर उतरली आणि साडेबाराला स्पर्धेबाहेर. चाळीस मिनिटांच्या खेळासाठी जाऊन येऊन साडेसहाशे किलोमीटर. मुलाने परत आल्यावर बॅग कोपऱ्यात टाकली ती चार दिवस उघडली नाही. ठेपल्याचा डबा त्यातच होता, पुढचं सांगत नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात त्यांच्या सरांनी आणि आसपासच्या कॉलेजांनी मिळून आपसात साखळी सामने ठेवले, तेव्हा मला बरं वाटलं. आमचा संघ, लांजा, चिपळूण आणि देवरुख. चार संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे सहा सामने. तीन रविवार, रोज दोन सामने, सगळे इथल्याच सिमेंटच्या कोर्टावर. पावसाळ्याचं शेवाळ अजून कडेला होतं, ते पोरांनी आदल्या दिवशी खराट्याने घासून काढलं. प्रेक्षक म्हणजे आम्ही पंधरा-वीस जण. काही पालक, दोन-तीन जुने खेळाडू, एक निवृत्त गुरुजी आणि शेजारच्या टपरीचे मालक. या मालकांना मी सगळ्या रत्नागिरीत सर्वांत जाणकार प्रेक्षक मानते.

तक्ता मला त्यांनीच शिकवला, वडापावच्या कागदावर. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे साखळीत जिंकणाऱ्याला दोन गुण. हरणाऱ्याला किती? मला वाटलं शून्य. "नाही वहिनी, एक." मग शून्य कोणाला? "जो संघ येतच नाही त्याला." सामना सुरू करायला पाच खेळाडू लागतात. तेवढे उभे राहिले नाहीत तर समोरच्याला २०-० असा विजय आणि यांना शून्य गुण. मी तो कागद घरी आणला. क्रिकेट बघत मोठी झालेली मी, हरण्यालाही गुण असतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

दुसरी गोष्टही मला आवडली. दोन-तीन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांचे एकमेकांशी झालेले सामनेच बघतात, आणि तिथेही बरोबरी असेल तर त्याच सामन्यांतला गुणांचा फरक. देवरुखचा संघ नवा होता, सगळे सामने हरला. आमच्या पोरांनी त्यांना २१ गुणांनी हरवलं आणि नाचत बाहेर आली. मालक म्हणाले, वरचे तिघे अडकले तर हे २१ कुठेच धरणार नाहीत. दुबळ्याला किती तुडवलं याला तिथे किंमत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला जड जाते.

तिसऱ्या रविवारी आमचे सामने संपले होते. लांज्याला आम्ही ६ गुणांनी हरवलं होतं, चिपळूणकडून ४ गुणांनी हरलो होतो. शेवटचा सामना लांजा विरुद्ध चिपळूण. चिपळूण जिंकलं तर तेच पहिले, विषय संपला. लांजा जिंकलं तर तिघांचे पाच-पाच गुण आणि मग फरकाचा हिशेब. कागदावर आकडेमोड झाली आणि मालकांनी जाहीर केलं, "लांजा जिंकायला हवं, पण तीन ते सातनेच. दोनने जिंकलं तर चिपळूणशी बरोबरी, आठने जिंकलं तर लांज्याशी, आणि नऊने जिंकलं तर आपण दुसरे."

म्हणजे आम्ही वीस माणसं पहिली पंचवीस मिनिटं लांज्यासाठी टाळ्या वाजवत होतो. पोरं चकित झाली असतील की रत्नागिरीकर आपल्यावर एवढे प्रसन्न का. मग लांजा दहाने पुढे गेलं आणि आमच्या टाळ्या चिपळूणकडे वळल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, हात आपोआप वळले. आता हसू येतं, पण त्या वेळी कुणीच हसलं नाही.

शेवटचं अर्धं मिनिट. लांजा सातने पुढे. घड्याळ थांबावं म्हणून चिपळूणच्या मुलाने लांज्याच्या एकाला धरलं आणि त्या मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत गेला तर आठ, दोन्ही गेले तर नऊ. सगळे गप्प. आणि मैत्रिणींनो, माझ्या ओठांवर णमोकार मंत्र होता आणि मनात होतं, चुकू दे.

तो मुलगा मला अनोळखी नव्हता. त्या दिवशी सकाळी मी चारही संघांना पोहे केले होते, कांदा-बटाटा न घालता, वरून ओलं खोबरं. बाकीची पोरं मुकाट खात होती. हा एकटा म्हणाला, "काकू, अजून थोडे आहेत का?" आणि ताटली पुढे केली.

त्याचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. सामना सातने संपला, आम्ही पहिले. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तो पायरीवर बसला होता, तोंडावर टी-शर्ट ओढून. त्याचा संघ जिंकला होता, तरी तक्त्यात पहिला येता येता राहिला होता, आणि तो हिशेब त्यालाही ठाऊक होता.

सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकली. सामायिकाला बसले, पण मन बसेना. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. मी त्याला ढकललं नाही, कोणाकडून ढकलवलं नाही. अनुमोदना मात्र पुरेपूर केली, आणि तीही मंत्र म्हणत. सासूबाईंना सांगितलं. त्यांचं वय ८४, कधी कोर्टावर गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरगा चुकला ते त्याच्या हाताने चुकला. ते तुझ्याकडे नाही. पण तू णमोकार कशाला वापरलास?" एवढंच बोलल्या आणि माळ फिरवू लागल्या.

यावर कोणी म्हणेल, बघा, म्हणूनच या नादाला लागू नये. माझं मत नेमकं उलट आहे. ते मन मी कोर्टावर जाऊन नव्याने आणलं नव्हतं. दहावीचा निकाल लागतो तेव्हा आपण जावेच्या मुलाचे टक्के विचारतो ते कशासाठी? कोणाच्या मुलीचं स्थळ मोडलं की "अरेरे" म्हणताना आत काय हलतं? आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात एक तक्ता असतो, फक्त तो वडापावच्या कागदावर नसल्याने दिसत नाही. मला माझा त्या दिवशी दिसला. रौद्रध्यानाचं प्रकरण मी चार वेळा वाचलंय, पण त्या अर्ध्या मिनिटात जेवढं समजलं तेवढं वाचून समजलं नव्हतं. तक्त्यात वर बसलेल्याने निर्धास्त राहू नये हेही आपल्याला नवं नाही. अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही तिथून घसरतो, तिथे आमच्या संघाचं काय!

आणि हा खेळ तरी कसा, तेही बघा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने तो तयार केला. हिवाळ्यात बंद खोलीत खेळता यावा, पण एकमेकांची हाडं मोडू नयेत, ही अट होती. त्याने विचार केला, चेंडू घेऊन पळायचंच नाही, म्हणजे पळणाऱ्याला कोणी पाडणार नाही. जाळं समोर न ठेवता डोक्यावर ठेवायचं, म्हणजे जोराने मारून उपयोग नाही, चेंडू हलकेच वर टाकावा लागेल. सज्जाला दहा फुटांवर पीचच्या टोपल्या टांगल्या. खांद्याने ढकलणं, धरणं, पाय अडकवणं, मारणं या सगळ्याला पहिल्या तेरा नियमांतच बंदी. पहिला सामना १-० असा संपला. नाइस्मिथचा अहिंसेशी आपल्यासारखा संबंध नव्हता, पण आपल्या मुलाने कुठला खेळ खेळावा असं मला कोणी विचारलं तर मी याच्याकडेच बोट दाखवीन. अंडी खायला सांगतात म्हणून घाबरणाऱ्या आयांना एवढंच सांगते की शेंगदाण्याची चिक्की, केळी, खजूर आणि दूध यांवर आमचा मुलगा चाळीस मिनिटं पळू शकतो. बाकावर बसतो तो चिक्कीमुळे नव्हे.

माझी मावसबहीण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या गावात एक छोटं कॉलेज आहे, डिव्हिजन थ्रीमधलं. या गटातल्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, मुलं अभ्यास सांभाळून हौसेने खेळतात. जवळपासच्या कॉलेजांचा एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. एकमेकांच्या गावी जाऊन सामने होतात, हिवाळाभर तक्ता हलत राहतो, आणि कॉन्फरन्सच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. बहीण सांगते की बर्फ पडत असताना सत्तरीची माणसं कोण कोणाला हरवेल यावर तासन्‌तास बोलतात, आणि त्यांच्या घरातलं कोणी तिथे खेळतही नसतं. मला त्याचं कारण कळतं. पुढच्या आठवड्यातही सामना आहे हे माहीत असलं की माणूस बोलतो. बादफेरीत हरलेल्याबद्दल कोण काय बोलणार? तो एव्हाना गाडीत बसलेला असतो.

आपल्याकडेही आंतरविद्यापीठ स्पर्धांत शेवटी उरलेल्या संघांत साखळी खेळवतात. पण तिथवर पोहोचणारे थोडे. खालच्या पोरांना, देवरुखच्या त्या नव्या संघासारख्यांना, ती चव कधी मिळायची? तीन सामने हरून त्यांच्या नावावर तीन गुण होते. तिसऱ्या रविवारी ते पहिल्या रविवारपेक्षा चांगले खेळले, हे आम्ही वीस माणसांनी पाहिलं. बादफेरी असती तर तिसरा रविवार त्यांच्या वाट्याला आलाच नसता. म्हणून माझं म्हणणं आहे की ज्यांच्या ओळखी कॉलेजांत आहेत त्यांनी अशा आपसातल्या साखळ्यांसाठी शब्द टाकावा. खर्च फार नाही. गाडीभाडं, एक शिट्टी आणि पोहे.

दुसरं, आपल्या मंडळातल्या दोघींनी यंदा मुलांना संघातून काढायचं ठरवलं आहे. एकीला अभ्यासाची काळजी, दुसरीला संध्याकाळच्या जेवणाची. दोन्ही काळज्या खऱ्या. पण जेवणाचं गेल्या वर्षी मी सरांना जाऊन सांगितलं होतं. त्यांनी कुठलाही वाद न घालता शेवटचा सामना साडेचारऐवजी चारला घेतला, कारण डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. विचारलं तर वेळ बदलते. संघात यंदा आठच मुलं आहेत. ही दोन गेली आणि आणखी दोघं तापाने पडली, तर पाच उभे राहणार नाहीत. हरण्याची भीती घालत नाही, हरले तर एक गुण आहेच. शून्य मात्र आपण घरी बसून देऊ.

क्षमावाणीच्या दिवशी यंदा मी ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागितली. त्या मुलाचं नाव मला माहीत नव्हतं. सरांकडून लांज्याच्या सरांचा नंबर मिळवला आणि निरोप दिला की पोहे मागणाऱ्या मुलाला काकूंनी उत्तम क्षमा म्हटलंय. त्याला काही कळलं नसणार. दोन दिवसांनी सरांमार्फत उलट निरोप आला, "काकूंना सांगा, यंदा पण येतोय."

सामने डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून आहेत, दुपारी अडीच आणि चार. कोर्टाला सावली नाही, छत्री घेऊन या. पोहे मी करीनच, पण यंदा संघ पाच आहेत, तेव्हा कोणी दोन किलो भिजवून आणायला तयार असेल तर आधी कळवा.