राजाचे भांडार आणि रद्दीतली पाने

राजाश्रय गेला आणि विद्या पोरकी झाली, असा सूर आपल्या जुन्या घरांतून अद्याप ऐकू येतो. आमच्या वडिलांची हयात दरबारच्या गायनसेवेत गेली, तेव्हा हा सूर आम्हांस परका नाही. परंतु राजाश्रय विद्येला काय देतो आणि तिच्यापासून काय घेतो, याचा हिशेब एकदा नीट मांडावयास हवा. त्यासाठी बादशाही चीनच्या ग्रंथसंग्रहाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मांचू वंशातील छिएनलुंग बादशहाने १७७२ साली फर्मान काढून देशभरातील दुर्मिळ ग्रंथ मागविले. पुढील वर्षी पेकिंगला त्यासाठी कचेरी उभी राहिली. जी युन हा मुख्य संपादक, आणि ताय चेनसारखे व्यासंगी पंडित त्याच्या हाताखाली. १४०८ साली पुरा झालेला एक प्रचंड ज्ञानकोश दरबारच्या ताब्यात होता. त्याच्या उरलेल्या खंडांतून उतारे वेचून व जुळवून या मंडळींनी कित्येक लुप्त ग्रंथ पुन्हा उभे केले. ताय चेनने प्राचीन गणिताचे ग्रंथ असेच उजेडात आणले. अखेर सुमारे ३,५०० ग्रंथांचा, ३६,००० वर खंडांचा संग्रह सिद्ध झाला. अभिजात ग्रंथांना हिरवे वेष्टन, इतिहासाला तांबडे, तत्त्ववेत्त्यांना निळे, साहित्याला करडे. साऱ्या संग्रहाच्या हाताने लिहिलेल्या सात प्रती झाल्या. चार राजवाड्यांत राहिल्या. तीन दक्षिणेतील विद्वानांसाठी यांगचौ, चेनच्यांग व हांगचौ येथे ठेविल्या. एवढे काम राजाच्या तिजोरीवाचून होणे नव्हते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ग्रंथ गोळा करणारा हातच ते चाळून पाहत होता. मांचूंना ‘रानटी’ म्हणणारे, मागील राजवंशाचा अभिमान सांगणारे, सरहद्दीसंबंधी नको ते लिहिणारे ग्रंथ वेगळे काढले गेले. बंदी घातलेल्या ग्रंथांची संख्या सुमारे तीन हजार सांगतात. कित्येकांची होळी झाली, कित्येकांतील शब्द गुपचूप बदलण्यात आले. वांग शीहौ नावाच्या एका पंडिताने बादशाही कोशातील उणिवा दाखवून स्वतःचा कोश रचला. त्यात बादशहांची निषिद्ध नावे उघड छापली, म्हणून १७७७ साली त्याचा शिरच्छेद झाला. लोकांनी विश्वासाने जे ग्रंथ पाठविले, त्यांचीच ही गत. निंगपो येथील फान घराण्याने १५६० नंतर बांधलेल्या आपल्या ग्रंथालयातून सहाशेंवर ग्रंथ पेकिंगला धाडले. बादशहाने त्यांना मोठा ग्रंथ बक्षीस दिला, त्यांच्या इमारतीचा नमुना घेऊन स्वतःची ग्रंथालये बांधली. पण धाडलेले बहुतेक ग्रंथ घरी परतले नाहीत.

त्या सात प्रतींचे पुढे काय झाले? यांगचौ व चेनच्यांग येथील प्रती तायपिंग बंडात गेल्या. पेकिंगजवळच्या उन्हाळी राजवाड्यातील प्रत १८६० साली इंग्रज फौजांनी लावलेल्या आगीत गेली. १८६१ साली बंडखोरांनी हांगचौ घेतले, तेव्हा तेथील प्रतीची पाने बाजारात जिन्नस बांधावयास वापरली जात होती. तिंग शेन व तिंग पिंग या दोघा भावांच्या ती दृष्टीस पडली. भाऊ स्वतः लढाईतून जीव वाचवून निघालेले. तरी त्यांनी माणसे लावून, पैसे मोजून आठ हजारांवर खंड गोळा केले. पुढे खाजगी संग्रहांतून मूळ ग्रंथ उसने आणून त्यांनी गहाळ भागाची नक्कल करविली. उरलेले काम विसाव्या शतकात पुरे झाले. या नकला कित्येक ठिकाणी जुन्या खाजगी प्रतींवरून उतरल्या, त्यामुळे दरबारी संपादकांनी गाळलेला मजकूर त्यांत पुन्हा आला. राजाच्या प्रतीपेक्षा रद्दीतून उचललेली प्रत अधिक खरी ठरली!

खऱ्या विद्येची रीत काय, हे दरबाराबाहेरच्या पंडितांनी दाखविले. सूचौचा हुआंग फीलिए (१७६३–१८२५) याच्यापाशी सुंग काळातील, म्हणजे तेव्हाच सहा-सातशे वर्षे जुने असे शंभरांवर छापील ग्रंथ होते. आपल्याकडे दसऱ्यास सरस्वतीपूजन होते, तशी तो वर्षअखेरीस ग्रंथांची पूजा करी. त्याचा सहकारी कू कुआंगछी याचा दंडक असा, की जुना ग्रंथ पुन्हा छापताना त्यातील चूकही जशीच्या तशी ठेवावी. आपले मत वेगळ्या टिपणात द्यावे. गुरूची चीज शिकविताना आपल्या पदरची तान तिच्या अस्ताईत न घुसविण्याची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म सांगावयास नको.

आपल्या वडोदऱ्याचाही या कथेशी धागा आहे. मूळ संस्कृत लुप्त झालेले बौद्ध न्यायग्रंथ चिनी भाषांतरांत जगले. इटालियन पंडित जुझेप्पे तुची यांनी त्यांतील ‘तर्कशास्त्र’ व ‘उपायहृदय’ हे ग्रंथ चिनीवरून पुन्हा संस्कृतात आणले, आणि ते १९२९ साली येथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. आपण गमावलेले धन परक्याच्या घरी नक्कल होती म्हणूनच परत आले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. राजाश्रयाचे उपकार विसरू नयेत. पण त्याची वाट पाहत बसूही नये. ज्या घरांत रुमालात बांधलेल्या पोथ्या, बखरी, बंदिशींच्या वह्या आहेत, त्यांनी मूळ खुशाल आपल्यापाशी ठेवावे. परंतु त्यांची छायाप्रत, एकही अक्षर न बदलता, दोन-तीन जाणत्या ठिकाणी द्यावी. ‘आमच्या घराण्याची ठेव बाहेर जाता कामा नये’ असे म्हणणारांनी वाळवी कोणाच्या घराण्याची परवानगी घेऊन येते, याचा विचार करावा.