सत्तरीनंतरही पर्याय आहेत



अंग बाहेर येणे हा म्हातारपणाचा भोग, सत्तरीनंतर शस्त्रक्रिया नकोच, हे गेल्या अंकातल्या लेखातील मत बायकांना विनाकारण घाबरवते.

निर्णय नुसत्या वयावर होत नाही. त्रास किती आणि भूल सोसेल का, हे पाहिले जाते. सोसणार नसेल तर योनीत बसवायची रिंग आहे. शरीरसंबंध नको असलेल्या वृद्धेसाठी योनीमार्ग बंद करणारी ल फोर्ट यांची शस्त्रक्रिया १८७७ पासून माहीत आहे. ती फक्त कमरेखाली भूल देऊनही होते. गर्भाशय काढावेच लागते, हेही खरे नाही. ते राखून वर बांधण्याची पद्धत गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मुंबईत रुजवली.

लेखात अमेरिकेतील बंदीचाही दाखला आहे. पण तिथल्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये विक्री थांबवली, ती या दुखण्यासाठी योनीमार्गाने बसवायच्या जाळीची. रुग्णाच्या स्वतःच्या ऊतींना टाके घालून होणाऱ्या दुरुस्तीला लेखकाने त्यात ओढणे चूक आहे.

अंग पुन्हा उतरू शकते, एवढे मान्य. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नाही, शौचाला कुंथायचे नाही. तेवढे दिवस पाण्याची कळशी घरातल्या दुसऱ्या कुणी उचलायची. लेखात त्यावर एक ओळही नाही.


एक वाचक, सातारा