माझ्या हातांना काय झालं?

माझ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनो आणि पाळकसाहेब,



मंडळीचं नाव मी इथे लिहीत नाही. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नसतात, एवढं मला अजून कळतं. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते पहिल्यापासून सांगत बसत नाही. मला फक्त विचारायचं आहे. माझ्याबद्दल ठरवणाऱ्या कमिटीच्या बैठकीला तुम्ही मला बोलावलं असतंत तर तिथेच विचारलं असतं. तुम्ही बोलावलं नाहीत, म्हणून हे पत्र.

पासलीहून लिहितोय. वेल्ह्याहून केळदला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं हे गाव. चार दिवस पाऊस थांबलेला नाही, तोरणा ढगात आहे, समोरच्या खाचरात भाताची लावणी चालू आहे. आज रविवार. तुम्ही आत्ता उपासनेला बसला असाल. तेवीस वर्षांत पहिल्यांदा संडे स्कूलच्या वर्गावर मी नाही.

माझ्या जागी कोण आहे? बारकी मुलं विचारत असतील, त्यांना काय सांगितलंत?

महिन्याच्या पहिल्या रविवारचं सगळ्यात आधी आठवतं. प्रभुभोजन झालं, लोक बाहेर चहाला गेले, की आतल्या खोलीत मी पेले धुवायचो. अंगठ्याएवढे काचेचे पेले, चाळीस भोकांचे तीन ट्रे. कोमट पाणी, मग मलमलचं फडकं, मग प्रत्येक पेला उजेडाकडे धरून बघायचा. एकाचा कडेला टवका उडाला होता, तो कुणाच्या ओठाला लागू नये म्हणून मी वेगळा ठेवला होता. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. पप्पा करायचे, त्यांच्यानंतर मी करायला लागलो.

मे महिन्यात सेक्रेटरीकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळेपासून तू राहू दे. काही लोकांना बरं वाटत नाही."

काय बरं वाटत नाही? माझ्या हातांना काय झालं?

काका, तुमचे आजोबा नगर जिल्ह्यातले. माझे पणजोबाही तिथलेच. गावच्या आडावर पोहऱ्याला हात लावायची त्यांना सोय नव्हती. पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं, तेही कुणाला दया आली तर. ते ख्रिस्ती का झाले, हे तुम्हीच मला शिकवलंत. संडे स्कूलच्या फळ्यासमोर उभे राहून तुम्ही सांगितलंत की इथे एकाच पेल्यातून सगळे प्याले आणि कुणाच्या स्पर्शाने कुणी बाटलं नाही. सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. मी नऊ वर्षांचा होतो. मी ते खरं मानलं. अजूनही मानतो.

मग तुम्ही कधीपासून मानेनासे झालात?

मंडळीने मला काय वचन दिलं होतं, त्याची आठवण करून देतो. माझ्या बाप्तिस्म्याला पप्पा मला कांबळ्यात गुंडाळून पहाटेच्या एसटीने पासलीहून पुण्याला घेऊन आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. त्या दिवशी पाळकांनी विचारलं आणि सगळी मंडळी उभी राहिली. या लेकराला आम्ही विश्वासात वाढवू, असं तुम्ही म्हणालात. त्यात अट घातली होती का? मोठा होऊन हा अमुक असा निघाला तर आमचा शब्द मोडीत, असं कुणी म्हटलं होतं का?

दृढीकरणाच्या वेळी डोक्यावर हात ठेवून जुने पाळकसाहेब म्हणाले होते, "ही मंडळी तुझं घर आहे बाळा." ते आता नाहीत. तेव्हा त्यांच्या मागे उभे असलेले तुमच्यातले चौघं आजही कमिटीत आहेत.

आणि पाळकसाहेब, तुम्ही. गेल्या वर्षी कमिटीसाठी माझं नाव तुम्हीच सुचवलंत. मंडळीचा वडील, एल्डर म्हणून सेवा कर, तुझ्याएवढं मुलांत मिसळणारं दुसरं कोणी नाही, असं म्हणालात. मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी आलो आणि तुम्हाला सगळं सांगितलं. नऊ वर्षं माझ्या घरात राहणारा, नाताळात तुमच्यासाठी खुर्च्या मांडणारा, ज्याला तुम्ही सगळे माझा रूममेट म्हणता, तो माझा जोडीदार आहे. हे लपवून मला मंडळीचा वडील व्हायचं नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, प्रार्थना केलीत, दाराशी माझा हात दाबून म्हणालात, "हे माझ्यापाशीच राहील."

आठ दिवसांत ते कमिटीत होतं.

मला राग आहे तो इथे. तुम्हाला माझं म्हणणं पटलं नसतं तर तसं सांगायचं होतं. प्रामाणिक नकार मी सोसला असता. पण विश्वासाने पदरात टाकलेली गोष्ट तुम्ही टेबलावर मांडलीत. पाळकाजवळ बोललेलं पाळकाजवळ राहत नसेल, तर उद्या एखादं घाबरलेलं पोर कुणाकडे जाईल?

नंतर निरोप आला. लग्न कर, मग पाहू. दुसरा निरोप त्याहून वाईट होता. लग्न नको तर नको, पण हे कुठे बोलू नकोस, "पाठदुखी आहे" म्हणून एक वर्ष बाजूला राहा, पुढच्या वेळी नाव घालू.

म्हणजे मी जसा आहे तसा तुम्हाला चालत होतो. खरं बोललेला मी चालत नाही. वडील म्हणून बसायला खोटं बोलणारा माणूस चालेल आणि खरं सांगणारा चालणार नाही, असा तुमचा ठराव झाला. मिनिट्समध्ये तो तुम्ही वेगळ्या शब्दांत लिहिला असेल, पण अर्थ हाच आहे. आणि लग्न कर म्हणताना कुणाच्या लेकीचा विचार केलात का? तिचा जन्म माझ्या आडोशासाठी जाळायचा? आपल्या मंडळीत अशी लग्नं झालेली आहेत. त्या बायका महिला मंडळात गाणी म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं तुम्ही टाळता.

पवित्र शास्त्रातली वचनं मला दाखवू नका असं मी म्हणणार नाही. दाखवा. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मला पाठ आहे, लेवीयही. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी ती पानं जितक्या वेळा वाचली असतील, तितक्या वेळा तुमच्यातल्या कुणीच वाचली नसतील. मला ती जीव मुठीत धरून वाचावी लागली. पण स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, हेही पौलाने लिहिलं आहे. तरी 2013 साली दक्षिण भारत मंडळीत पुष्पा ललिता बिशप झाल्या आणि तेव्हा आपल्याकडे टाळ्या वाजल्या. तीमथ्याच्या पत्रात पुढारी एका बायकोचा नवरा असावा असं आहे, ते तुम्ही मला काढून दाखवलंत. त्याच यादीत तो पैशाचा लोभी नसावा, भांडखोर नसावा, पाहुण्याला दार उघडणारा असावा, असंही आहे. चर्चच्या जागेच्या व्यवहारावरून कोर्टाच्या तारखा करणारा माणूस कमिटीवर बसला, तेव्हा ही यादी कुणी वाचली नाही. आणि पौलाला तरी कुठे बायको होती?

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प रस्त्यावर एका कूशी षंढाला भेटतो. मोशेच्या नियमाप्रमाणे असल्या माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. तो फिलिप्पाला विचारतो, इथे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला आडकाठी काय? फिलिप्प रथातून उतरतो आणि त्याच्याबरोबर पाण्यात जातो. कमिटीची बैठक लावत नाही. हा पाठ मी मुलांना दरवर्षी शिकवला. शिकवताना दरवर्षी माझा गळा दाटायचा, ते का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

"ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत," असं तुमच्यातले एकजण म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. हे वाक्य मला फार लागलं, कारण ते आपल्याच इतिहासाशी बेइमानी करतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. 1831 मध्ये ते नगरला आलं. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. तुमच्या-माझ्या घरात अक्षर आलं ते त्या वाटेने. त्या मिशनला पाठवणाऱ्या मंडळ्यांचा वारसा आज अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्टकडे आहे. त्यांनी 1972 मध्ये विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला पाळक म्हणून दीक्षा दिली. मिरजेचं मिशन हॉस्पिटल ज्या प्रेसबिटेरियनांनी उभं केलं, त्यांच्या अमेरिकेतल्या मंडळीने 2011 मध्ये समलिंगी पाळकांवरचा अडसर काढला. पुण्या-मुंबईत शाळा काढणाऱ्या स्कॉटिश मंडळीनेही पुढे तेच केलं. ते करतात म्हणून आपण करावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. जगातल्या कितीतरी मंडळ्या याच्या विरोधात आहेत, हे मला माहीत आहे. पण बायबल, दवाखाना, शाळा घेताना ते आपले आणि माझा प्रश्न आला की ते परके, हे कसं?

परकं काही असेल तर ते कलम 377 होतं. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत ते घातलं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने माझ्यासारख्यांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्या आठवड्यातल्या रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पावसासाठी प्रार्थना झाली, आजाऱ्यांसाठी झाली, परीक्षेच्या मुलांसाठी झाली. आमच्यासाठी एक शब्द? त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर 2013 मध्ये, त्याच न्यायालयाने आम्हाला पुन्हा गुन्हेगार ठरवलं होतं. तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं की ही माणसं गुन्हेगार नाहीत. समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता, तरी ते एवढं बोलले. नागपूरची राष्ट्रीय चर्च परिषदही या विषयावर मंडळ्यांना बोलतं करायला बघत आली आहे. तिची परिपत्रकं आपल्या ऑफिसात येतात. ती कोण उघडतं?

आपल्या कमिटीच्या खोलीत भिंतीवर रेव्हरंड टिळकांची तसबीर आहे. पंडिता रमाबाईंचीही आहे. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चौकट सोडून 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. रमाबाईंना ज्यांनी ख्रिस्ती केलं, त्याच सिस्टरांशी त्या आपल्या सदसद्विवेकासाठी वर्षानुवर्षं पत्रांतून भांडल्या. पुढे केडगावात दुष्काळातल्या पोरी, आंधळ्या बाया, समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बाया, सगळ्यांना त्यांनी दार उघडलं. तिथे आधी दाखला मागत नव्हते. दरवर्षी त्यांच्या तसबिरींना तुम्ही हार घालता. त्या तसबिरींसमोर बसूनच माझं नाव खोडलंत ना?

इथे पासलीत आईने ओळखलंय. मी सांगितलं नव्हतं. पुण्याला निघताना पूर्वी ती इंद्रायणीची एक पिशवी भरायची. पाच-सहा वर्षांपासून दोन भरते. एकदा म्हणाली, "त्याला भात मोकळा लागतो ना, नवा तांदूळ आहे, पाणी बेताने घाल म्हणावं." बस. चौथी शिकलेली माझी आई. तिला ग्रीक येत नाही, हिब्रू येत नाही. तुम्ही काय केलंत ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, कारण तिचा तुमच्यावर विश्वास आहे. पप्पांच्या मयतीला तुम्ही सगळे पुण्याहून इतक्या लांब आला होतात. दारात चिखल होता आणि पेटी तुम्हीच खांद्यावर घेतली होतीत. ते मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर दुसरी मंडळी शोधून कधीच मोकळा झालो असतो.

आता माझं मागणं. मला खुर्चीची हौस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझ्यासारख्यांनी बाकावर बसावं, दशांश द्यावा, पेटी वाजवावी, आणि पुढे मात्र येऊ नये, हे मी मान्य करणार नाही. वार्षिक सभा जवळ आली आहे. माझं नाव तिथे उघडपणे मांडा. पाठदुखीचं कारण देऊ नका. मला दहा मिनिटं बोलू द्या, मी माझ्या तोंडाने सांगेन. मग मंडळीचं मत घ्या. मंडळीने नाही म्हटलं तर मी मागच्या बाकावर जाऊन बसेन, पण ते नाही मला मंडळीच्या तोंडून ऐकायचं आहे.

आणि पाळकसाहेब, तुम्ही एकदा पासलीला या. दारं बंद करून तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात, ते माझ्या आईसमोर बसून बोला.

येत्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं उपासनेला येत आहोत. आई, मी आणि तो.