आपण त्या १७५ मध्ये नाहीच, बॉस!

राष्ट्रपती डायरेक्ट आपणच निवडला तर? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय काढून बघा. आमच्या पिढीचं उत्तर ठरलेलं आहे: ऑफकोर्स! रिॲलिटी शोचा विनर आपण ठरवतो, मग देशाचा प्रथम नागरिक का नाही? २००७ मध्ये कलामसरांना दुसरी टर्म मिळावी म्हणून लोकांनी धडाधड एसएमएस पाठवले होते. मी तेव्हा शाळेत. कलाम उभेच राहिले नाहीत, निवडून आल्या प्रतिभाताई पाटील. एनडीएत असूनही शिवसेनेने त्यांना मतं दिली, कारण ताई मराठी. म्हणजे दिल अपनी जगह तिथेही असतंच!

पण ही आयडिया काही नवीन नाही. घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी हीच मागणी लावून धरली होती, प्रत्येक प्रौढ नागरिकाने राष्ट्रपती निवडावा. नेहरू आणि आंबेडकर दोघेही विरोधात. मुद्दा साधा होता. अख्ख्या देशातून निवडून आणायचं आणि हातात अधिकार द्यायचे नाहीत, हे कसं चालेल? कोट्यवधी मतं घेतलेला माणूस पंतप्रधानांनी पाठवलेल्या फाइलवर गपचूप सही करेल? २००६ मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक एकदा परत पाठवलं, पुन्हा आलं तेव्हा सही केली. घटनेत तेवढीच सोय आहे. पाठीशी थेट जनादेश असता तर ते तिथे थांबले असते का, कोण जाणे.

आयर्लंडमध्ये लोक थेट मत देतात, तिथलाही राष्ट्राध्यक्ष बव्हंशी शोभेचाच. पण उमेदवारीसाठी वीस खासदार नाहीतर चार कौन्सिलांचा पाठिंबा लागतो. २००४ मध्ये एकच उमेदवार उरला, मतदान झालंच नाही. २०२५ मध्ये सुमारे १३ टक्के मतपत्रिका बाद ठरल्या, कितीतरी जणांनी मुद्दामच खराब केल्या होत्या. मेन्यू पक्षांनी ठरवायचा आणि ऑर्डर आपण द्यायची! आपल्याकडेही पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, तेही खासदार-आमदारच. थेट मतदान आणलं तरी ही गाळणी काढून टाकायला कुठला पक्ष तयार होईल?

त्यामुळे थेट निवडणुकीला माझं मत ‘नको’. मला खटकतं ते वेगळंच. आमदाराच्या मताची किंमत काढायचा फंडा असा: राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले हजार. आपल्या २८८ आमदारांची किंमत प्रत्येकी १७५ येते. पण ही लोकसंख्या कधीची? १९७१ ची! आणीबाणीत, १९७६ मध्ये आकडा गोठवला आणि तो अजून वितळलेला नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत हेच चालणार. म्हणजे १९७१ नंतर जन्मलेला एकही माणूस या हिशेबात नाही. तुम्ही नाही, मी नाही, बहुधा तुमचा बॉसही नाही.

मग टाका नवे आकडे? २०११ च्या जनगणनेवर मी कॅल्क्युलेटर चालवला. महाराष्ट्र १७५ वरून ३९० वर जातो, उत्तर प्रदेश २०८ वरून ४९६ वर. आणि तमिळनाडू, जो आज १७६ वर आपल्या जवळजवळ बरोबरीने आहे, तो पोचतो जेमतेम ३०८ वर. कुटुंब नियोजन मनावर घेतलं, त्याची ही शिक्षा. आकडा गोठवला तो हेच टाळायला. थेट मतदानात तर हे संरक्षण एका झटक्यात जाईल, कारण तिथे फक्त डोकी मोजायची. आपला फायदा होतोय म्हणून मी टाळ्या वाजवायच्या का? मला तरी ते जमत नाही. पण चेन्नईच्या मैत्रिणीला सांभाळायचं म्हणून मी स्वतः मोजणीतून गायब राहायचं, हेही पचत नाही. मधला रस्ता आहे: लोकसंख्या नवी घ्या, पण राज्याराज्यांमधलं प्रमाण आहे तेच ठेवा. निदान आपण माणसांत तरी येऊ.

आणि एक. राज्यसभेला मत देताना आमदाराला २००३ पासून मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते. राष्ट्रपतीसाठी मात्र मतदान गुप्त, व्हीपही नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू जिंकल्या तेव्हा क्रॉस व्होटिंगच्या बातम्या आल्या होत्या. पावणेदोन लाख माणसांच्या नावाने तुमच्या आमदाराने कुणापुढे एक लिहिला, हे त्याला भेटून विचारू शकता. सांगायला तो बांधील नाही.